‘पुण्य मिळवायला सेवा’ हे वाक्य चुकीचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ किंवा गुड फ्रायडे जवळ आला की मराठी वृत्तपत्रांत ख्रिस्ती धर्माविषयी माहितीपर मजकूर येतो. हेतू चांगला असतो आणि त्याबद्दल आभारच मानायला हवेत. पण त्यात दोन वाक्ये हमखास सापडतात. एक : ‘ख्रिस्ती लोक पुण्य मिळवण्यासाठी, स्वर्गात जागा मिळावी म्हणून रुग्णसेवा आणि शिक्षणसेवा करतात.’ दुसरे : ‘कॅथलिकांच्या मते सत्कर्मांनी तारण होते, प्रोटेस्टंटांच्या मते नुसत्या विश्वासाने; म्हणूनच दोघे वेगळे झाले.’ (तारण म्हणजे पापातून सुटका.) दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि चूक किरकोळ तपशिलातली नाही. सगळा ख्रिस्ती धर्म ज्या मुद्द्यावर उभा आहे, तोच येथे उलटा छापला जातो. भाषणांत, शाळेतल्या निबंधांत, इतकेच काय, ख्रिस्ती घरांतही ही वाक्ये आता रुळली आहेत. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी लिहीत आहे.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘खारिस’. मराठी बायबलात त्यासाठी ‘कृपा’ येतो. बोलताना आपण दया आणि कृपा एकमेकींच्या जागी वापरतो, पण येथे फरक ठेवावा लागतो. न्यायाधीशाने गुन्हेगाराची शिक्षा माफ केली, ही दया. माफ केलेल्या त्याच माणसाला घरी नेले, मुलगा म्हटले, वारसाहक्क लिहून दिला, ही कृपा. ती देणाऱ्याच्या मर्जीने येते. घेणाऱ्याच्या लायकीशी तिचा हिशेब जुळत नाही. मराठी मनाला हे परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘पसायदान’ मागितले आहे. पसाय म्हणजे प्रसाद, कृपा. एवढा वाग्यज्ञ पुरा झाल्यावरही जे मागितले ते दान आहे, वेतन नव्हे. ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यात हीच ओळख होती. वेगळेपण एवढेच की ख्रिस्ती श्रद्धेत ही कृपा एका ठरावीक घटनेशी बांधलेली आहे : रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत येशूचा क्रूसावर झालेला मृत्यू आणि त्यानंतरचे पुनरुत्थान. कृपा कशावरून, असे ख्रिस्ती माणसाला विचारले तर तो आपल्या अनुभवाकडे नंतर बोट दाखवतो, आधी त्या क्रूसाकडे.

या विषयावरचे सर्वांत नेमके वचन प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ओवी ८ ते १०. तिचा सांगाडा मराठी व्याकरणात मांडला तर असा होतो : तारण कृपे‘ने’, विश्वासा‘च्या द्वारे’, कर्मां‘मुळे’ नव्हे, सत्कृत्यां‘साठी’. चार नाती, चार वेगळ्या जागा. यांतल्या एकाची जागा बदलली की धर्म बदलतो. व्यासपीठावरून ८ आणि ९ या ओव्या पुष्कळदा वाचल्या जातात आणि दहावीच्या आधीच वाचन थांबते. दहावीत तर म्हटले आहे की आपण देवाची हस्तकृती आहोत, आणि जी सत्कृत्ये करायची ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे सत्कृत्य तारणाची किंमत नाही, तारण झालेल्या माणसाचे ते काम आहे. ‘पुण्य मिळवण्यासाठी सेवा’ या वाक्यात चुकला आहे तो हा ‘साठी’. ख्रिस्ती माणूस सेवा करतो ती काही मिळावे म्हणून नव्हे, आधीच मिळाले आहे म्हणून.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ग्रीक ‘एर्गा’ या शब्दासाठी आपण ‘कर्मे’ वापरतो, आणि ‘कर्म’ म्हटले की वाचकाच्या मनात संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही सगळी मालिका उभी राहते. मग रोमकरांस पत्रातले ‘कर्मांवाचून’ हे शब्द वाचून कोणाला वाटते की पौल कर्मसिद्धांत खोडून काढतो आहे, कोणाला वाटते की चांगले वागणेच निरर्थक म्हणतो आहे. पौलासमोरचा प्रश्न वेगळा होता. यहुदी नसलेले लोक येशूवर विश्वास ठेवू लागले होते. त्यांनी सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम पाळल्याखेरीज त्यांना देवाच्या लोकांत घ्यायचे की नाही, असा तो वाद होता. म्हणून तो ‘नियमशास्त्रातील कर्मे’ असा जोडशब्द वापरतो. त्याच्या मनात फक्त ही खूणचिन्हे होती, की स्वतःच्या बळावर कमावलेला एकूण सगळाच सदाचार होता, यावर अभ्यासकांत गेली चाळीस-पन्नास वर्षे जोरदार वाद चालू आहे. भुकेल्याला जेवू घालू नका, असे मात्र त्याने कोठेही म्हटलेले नाही. गलतीकरांस पत्रात तर तो ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ असा शब्दप्रयोग करतो.

पौलाच्या विरुद्ध याकोबाला उभे करण्याची तर रीतच पडली आहे. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच येतात, तेही याकोबाच्या पत्रात (२:२४), आणि तेथे ते नकारार्थी आहेत : माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो. वरवर पाहता उघड विरोध. दोघेही उदाहरण अब्राहामाचेच देतात. पण कोणत्या वेळच्या अब्राहामाचे, ते तपासून पाहावे. पौल जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातली ओवी घेतो : अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असे मोजले गेले. याकोब बाविसाव्या अध्यायाकडे, इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाकडे बोट दाखवतो. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. पंधरावा अध्याय इश्माएलाच्या आधीचा, आणि बाविसाव्यात इसहाक लाकडांची मोळी वाहण्याइतका मोठा झालेला आहे. म्हणजे दोन प्रसंगांत १४ वर्षांहून बरेच जास्त अंतर आहे. पौल विचारतो, नाते सुरू कशाने झाले? याकोब विचारतो, सुरू झालेले नाते जिवंत आहे हे दिसले कशावरून? शिवाय ‘विश्वास’ शब्दाचा अर्थही दोघांकडे एक नाही. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी तो नुसता होकार आहे. पौलाचा विश्वास म्हणजे स्वतःला सोपवून देणे. उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वास याकोबाला मेलेला वाटतो, आणि पौलाने तो जिवंत ठरवला असता असे मानायला काही आधार नाही.

येशूच्या स्वतःच्या दाखल्यांत हा क्रम अधिक ठसठशीत आहे. द्राक्षमळ्याचा मालक (मत्तय २०) पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. ठरलेली मजुरी एक देनारियस, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शेवटच्यांनी एक तास काम केले, पहिल्यांनी बारा तास, उन्हात. पैसे देताना मालक शेवटच्यांपासून सुरुवात करतो आणि सगळ्यांना सारखेच देतो. शहरातल्या मजूर नाक्यावर पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाची अवस्था ज्याला कळते त्याला हा दाखला कळतो : त्याच्याही घरी तेवढीच तोंडे खायला आहेत. पहिल्यांवर अन्याय झालेला नाही, त्यांना ठरलेले मिळाले. त्यांना खुपले ते दुसऱ्याला मिळालेले. कृपेवर धार्मिक माणसाचा राग येतो तो नेमका येथेच.

आणि यरीहोचा जक्कय (लूक १९). जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, लोकांच्या लेखी पापी. येशू त्याला आधी हाक मारतो, ‘आज तुझ्या घरी उतरायचे आहे’ म्हणतो. घर स्वच्छ करण्याची अट घालत नाही. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम असा आहे की अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यावा. १०० घेतले असतील तर १२०. जक्कय ४०० देतो आहे. हिशेब चुकता करायचा असता तर १२० पुरले असते. वरचे २८० या नियमाने मागितलेले नव्हते. कृपेला माणसाने दिलेले उत्तर आहे ते. सत्कृत्य म्हणजे काय हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

आता इतिहास. पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनहून आलेला पेलागियस नावाचा साधक रोममध्ये शिकवत होता. माणूस ठरवले तर स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे म्हणणे. स्वतः कडक आचाराचा माणूस होता आणि रोममधल्या ढिलाईला वैतागला होता. त्याची कळकळ खोटी नव्हती. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्याला उत्तर दिले : चांगले करण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच जागी होते. इ. स. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचे मत फेटाळले. त्यानंतर दक्षिण फ्रान्समध्ये मधला पक्ष निघाला : पहिले पाऊल माणसाचे, पुढचे काम देवाचे. ५२९मध्ये ऑरांज येथील परिषदेने २५ कलमांत तेही नाकारले. पहिले पाऊलही कृपेचेच. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या जवळजवळ हजार वर्षे आधी, पश्चिमेकडील एकाच अखंड चर्चने हे ठरवले होते. ‘कृपेने तारण’ हा प्रोटेस्टंटांचा शोध नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद एवढा पेटलाच नाही. तेथे देवाची कृपा आणि माणसाची साथ यांना ‘सिनर्गिया’, म्हणजे सहकार्य, म्हणतात, आणि त्यातही पुढाकार देवाचा.

मग १५१७मध्ये, ल्यूथरच्या काळी, बिघडले काय? इंडल्जन्सचा धंदा. मुळात इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा नव्हे. मुलाने शेजाऱ्याची काच फोडली, शेजाऱ्याने माफ केले, तरी काच बसवायची उरतेच. तसे क्षमा झालेल्या पापाचे जे परिमार्जन उरते त्यातली ती सूट. रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी आणि माइन्झच्या आर्चबिशपचे कर्ज फेडण्यासाठी ही सूट जर्मनीत विकली जाऊ लागली. विक्रेत्यांना दिलेल्या सूचनांत दरपत्रक होते : राजे आणि बिशप यांनी सोन्याचे किमान २५ गिल्डर, खालच्या दर्जाला त्याहून कमी, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी प्रार्थना आणि उपवास. कागदावर गरिबांसाठी दार उघडे होते. बाजारात मात्र ‘नाणे पडले की मृताचा आत्मा शिक्षेतून सुटला’ एवढेच लोकांपर्यंत पोचले.

ल्यूथरने १५१७मध्ये या विक्रीविरुद्ध मांडलेले ९५ मुद्दे सत्कृत्यांच्या विरोधात होते असे सर्रास लिहिले जाते. लिहिणाऱ्यांनी कृपया ४३वा आणि ४५वा मुद्दा वाचावा. ४३वा म्हणतो, इंडल्जन्स विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणे किंवा गरजूला उसने देणे अधिक चांगले. ४५वा म्हणतो, गरजू माणसाला पाहून जो पुढे निघून जातो आणि तोच पैसा इंडल्जन्सवर खर्च करतो, तो देवाचा कोप विकत घेतो. म्हणजे ल्यूथरची पहिली तक्रार गरिबाच्या ताटातला घास पळवला जातो ही होती. १५२०मध्ये त्याने सूत्र मांडले ते झाड आणि फळाचे : चांगली कृत्ये माणसाला चांगले करत नाहीत, चांगला माणूस चांगली कृत्ये करतो. ल्यूथरच्या पक्षाने आपली श्रद्धा मांडलेल्या १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचे विसावे कलम सुरूच होते ते, ‘आम्ही सत्कृत्यांना मनाई करतो हा आमच्यावरचा आरोप खोटा आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने.

ही नुसती शब्दांची लढाई नव्हती. सॅक्सनीतील लाइस्निग या गावाने १५२३मध्ये चर्चच्या उत्पन्नातून एक सामायिक पेटी स्थापन केली. तिच्या नियमावलीला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीला चार कुलपे, चार वेगळ्या किल्ल्या : एक सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक नागरिकांकडे, एक शेतकऱ्यांकडे. व्यवस्था पाहणारे दहा जण : दोन सरदार, दोन परिषदेचे, तीन नागरिक, तीन शेतकरी. त्यातून पाळकाचा पगार, शाळा, अनाथ, वृद्ध, कामधंदा सुरू करू पाहणाऱ्याला उसने, टंचाईसाठी धान्यसाठा. भीक मागण्यावर बंदी, पण त्याआधी पोटाची सोय. योजना अडली ती पैशापाशी; जुन्या देवस्थानी मिळकती हाती असलेली परिषद त्या सोडायला राजी होईना. तरी ‘स्वर्ग कमावण्यासाठी दान’ ही प्रेरणा काढून टाकली तर दान थांबेल, ही भीती त्या काळी बोलून दाखवली जात होती, आणि या पेटीची घडण हेच तिला उत्तर होते. पुण्याचा प्रश्न मिटल्यावर देणाऱ्याचे लक्ष स्वतःवरून उठून घेणाऱ्याच्या गरजेकडे जाते. भिकाऱ्याला नाणे टाकून पुण्य लागत असेल तर भिकारी हवाच असतो. पुण्य बाजूला ठेवले की त्याला भिकारी राहू न देण्याची व्यवस्था सुचते.

कॅथलिक चर्चचे उत्तर आले ते ट्रेंटच्या परिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी : सोळा प्रकरणे आणि ३३ नियम. यातला पहिलाच नियम असा आहे : येशू ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या दैवी कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी देवासमोर नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो बहिष्कृत. ‘कॅथलिक सत्कर्मांनी तारण मानतात’ असे छापणाऱ्याला कॅथलिक चर्चने साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी पहिल्याच नियमात उत्तर देऊन ठेवले आहे. सातव्या प्रकरणात नीतिमान होण्याची पाच कारणे मोजली आहेत. उद्दिष्ट : देवाचे गौरव आणि सार्वकालिक जीवन. कर्ता : दयाळू देव. ज्याच्या योग्यतेमुळे घडते तो : ख्रिस्त आणि त्याचे दुःखसहन. साधन : बाप्तिस्मा. आणि जिच्यामुळे माणूस आतून नीतिमान होतो ती : देवाने दिलेली धार्मिकता. पाचांपैकी एकाही जागेवर माणसाचे सत्कृत्य बसवलेले नाही. आठवे प्रकरण आणखी स्पष्ट आहे : नीतिमान होण्याआधीचे काहीही, विश्वास असो की कृत्ये, ती कृपा कमवत नाही. इंडल्जन्सच्या विक्रीचा प्रश्नही चर्चने नंतर निकालात काढला. पोप पायस पाचवे यांनी १५६७मध्ये पैशाशी जोडलेले इंडल्जन्स रद्द केले. आज संपूर्ण इंडल्जन्ससाठी पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेले मन लागते. पावती नाही.

मग फरक उरतच नाही का? उरतो, आणि तो झाकू नये. तो समजायला मराठीतले क्रियापद उपयोगी पडते. आपण ‘नीतिमान ठरवणे’ म्हणतो. ‘ठरवणे’ न्यायालयातले आहे : निर्दोष ठरवले. मूळ ग्रीक क्रियापदाला हीच छटा आहे, आणि प्रोटेस्टंट तिच्यावर भर देतात. लॅटिनमध्ये ते ‘युस्तिफिकारे’ झाले, ज्यात ‘करणे’ आहे : नीतिमान घडवणे. कॅथलिक शिकवण घडवण्यावर भर देते. ठरवणे एका क्षणात होते, घडवणे आयुष्यभर चालते. म्हणून ट्रेंटचा चोविसावा नियम सांगतो की सत्कृत्ये मिळालेल्या धार्मिकतेची नुसती फळे नव्हेत, त्यांनी ती वाढतेही. प्रोटेस्टंट म्हणतील, वाढते ते पवित्रीकरण, तो दुसरा विषय. नीतिमान ठरणे पूर्ण झालेले आहे. कॅथलिक या वाढीसंदर्भात ‘योग्यता’ हा शब्दही वापरतात, पण ऑगस्टीनच्या अर्थाने : देव आपल्या योग्यतेला मुकुट घालतो तेव्हा स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. १५४७मध्येच ट्रेंटला उत्तर देताना प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने लिहिले की विश्वासच तेवढा नीतिमान ठरवतो, पण नीतिमान ठरवणारा विश्वास कधी एकटा नसतो. दोन बाजू एकमेकींवर तुटून पडल्या होत्या आणि तरीही सत्कृत्यांवाचून ख्रिस्ती जीवन असते असे कोणीच म्हणत नव्हते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा पंधरावा परिच्छेद दोघांनी मिळून म्हटलेला आहे : आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा देतो, तो आत्मा आपली अंतःकरणे नवी करतो आणि सत्कृत्यांसाठी सिद्ध करून पाचारण करतो. पुन्हा तोच क्रम. पुढे २००६मध्ये वर्ल्ड मेथडिस्ट कौन्सिल आणि २०१७मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना त्यात सामील झाली, अँग्लिकन सल्लागार परिषदेने २०१६मध्ये त्याचे स्वागत केले. महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) ही अँग्लिकन, रिफॉर्म्ड आणि मेथडिस्ट या तिन्ही जागतिक कुटुंबांची सदस्य आहे. म्हणजे आपल्या शेजारची कॅथलिक देवळे आणि सीएनआयची देवळे या मूळ प्रश्नावर आज जागतिक पातळीवर एकमेकांना पाखंडी म्हणत नाहीत. ‘म्हणूनच दोघे वेगळे झाले’ हे वाक्य निदान ‘वेगळे झाले होते, आता मूळ मुद्द्यावर सहमत आहेत, काही मुद्दे शिल्लक आहेत’ असे तरी छापायला हवे.

कृपेवर भर दिला की माणूस आळशी होतो, या आक्षेपाला महाराष्ट्रातच उत्तर आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता. सत्कृत्ये तर तोवर भरपूर होती. ती कमी पडली म्हणून हा शोध लागला असेही नाही. सत्कृत्यांवर उभे राहता येत नाही हे कळले. आणि पुढे काय झाले? १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, विहिरी, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला, आणि मरेपर्यंत हिब्रू-ग्रीकमधून मराठी बायबल उतरवण्याचे काम चालले. कृपेचा अर्थ लागल्यानंतर काम वाढले. कारण साधे आहे : आपण पास झालो की नापास, या काळजीत जाणारी शक्ती मोकळी झाली.

ख्रिस्ती मंडळींनाही चार शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण चुकीची वाक्ये बाहेरून आलेली नाहीत सगळी. एक आजार हिशेबाचा : इतक्या मिस्सा, इतके उपवास, इतकी देणगी, आता देवाने मुलाचे काम करून द्यावे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपवास करत होता आणि सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता. आकडे खरे होते, तरी तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. याचेच आजचे रूप म्हणजे ‘बीज पेरा’ म्हणून घेतली जाणारी देणगी : इतके द्या, आजार बरा होईल, नोकरी लागेल. इंडल्जन्सच्या दरपत्रकाहून ते वेगळे नाही, आणि ल्यूथरचे नाव घेणाऱ्या मंडपांत ते चालावे हे फार वेदनादायक आहे. दुसरा आजार उलटा : ‘मी तारण पावलो, तारीखही सांगतो’, आणि घरात मोलकरणीचा पगार दोन महिने थकलेला. हिटलरच्या छळछावणीत जीव गमावलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याला ‘स्वस्त कृपा’ म्हणत. कृपा फुकट आहे याचा अर्थ ती स्वस्त आहे असा नाही. देणाऱ्याला ती क्रूसाच्या किमतीला पडली.

शेवटी सेवेच्या हेतूविषयी, कारण आज खरा संशय तेथे आहे. सेवा ही धर्मांतराचे आमिष असते असे म्हटले जाते. कोणी तसे करत असेल तर ते कायद्याने पाहावेच. पण शिकवणीच्या कसोटीवर ते सत्कृत्यच ठरत नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो, मेजवानी द्याल तेव्हा परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा. परतफेडीत धर्म मागितला तरी ती परतफेडच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले की चर्चच्या नावे सेवा करणारे आपला धर्म दुसऱ्यांवर कधीही लादू पाहणार नाहीत. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात ज्यांनी भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा दिला, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली, ते चकित होऊन विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले?’ त्यांच्याकडे हिशेबाची वही नाही. आणि त्यांना जे मिळते त्याला तेथे ‘वारसा’ म्हटले आहे.

आपल्या संपादकीय विभागाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर मजकूर लावताना ‘पुण्य’ ऐवजी ‘सत्कृत्य’ किंवा सरळ ‘सेवा’ लिहावे; ‘मोक्ष’ ऐवजी ‘तारण’; इंडल्जन्सला ‘पापमुक्तीचे प्रमाणपत्र’ न म्हणता ‘पापाच्या तात्पुरत्या शिक्षेतील सूट’; आणि ‘मिळवण्यासाठी’ हे क्रियापद जेथे येईल तेथे थांबून ‘मिळाल्यामुळे’ लिहून पाहावे. बहुतेक ठिकाणी वाक्य तेवढ्याने दुरुस्त होते.

आपला स्नेहांकित,
एक वाचक, अहिल्यानगर